शबानानं चहा सोडला तेव्हा

आमच्या उपकेंद्रात गोळ्यांचा साठा महिना संपायच्या आत संपतो, किस्से मात्र काही केल्या संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटाला दुसरा लटकलेला. आमचे हे म्हणतात, "तुला पगार नर्सिंगचा देतात की गप्पांचा?" आता शुगर तपासायला बसलेलं माणूस गप्प बसतच नाही, त्याला मी काय करू! बोट टोचायच्या आधी भीतीनं बोलतं, टोचल्यावर रागानं बोलतं आणि आकडा ऐकला की मशीनच खोटं म्हणतं.

मी मलकापूरला राहते आणि स्कूटीवरून कडेगावच्या बाजूच्या एका गावात नर्स म्हणून जाते. गावाची मी 'सिस्टर'. उपकेंद्रात आम्ही तिघं. मी, आरोग्यसेवक मोरेभाऊ आणि आमची आशाताई शबाना. शबाना गावातलीच, तिच्या नवऱ्याचं चौकात वेल्डिंगचं दुकान आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर, बीपी आणि कंबर बघायची, हे आमचं ठरलेलं काम. शुगर आणि बीपीला लोक कसेबसे तयार होतात. कंबर म्हटलं की गाव पळतं!

*

पहिला किस्सा कंबरेचाच घ्या.

आमच्याकडं घरटी एक तरी फौजी. त्यातले सुभेदारतात्या म्हणजे गावाचा मान. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण मिशी अजून ड्यूटीवर आहे. मी टेप काढली तशी तात्यांनी छाती पुढं काढली, श्वास ओढला आणि पोट जे गायब केलं! टेप नव्वदच्या आत. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत असली की बरं, हे मीच त्यांना पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं.

"तात्या, पोट सोडा."

"पोट कुठं हाय? ही छातीच हाय, वयानं जरा खाली आलीया."

मोरेभाऊ तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं वळले. तात्यांचा श्वास काही सुटेना, चेहरा लाल व्हायला लागला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी खणखणीत आवाजात ओरडले, "विश्राम!"

पलटणीतली सवय हो! पाय आपोआप फाकले, हात पाठीमागं गेले आणि पोट धाडकन टेपवर आलं. एकशे सहा!

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, पोटाचा आणि साखरेचा काय संबंध?"

मी म्हटलं, "रक्तातली साखर पेशींनी आत घ्यावी, असा हुकूम इन्सुलिन देतं. पोटात चरबी साठली की पेशी तो हुकूम ऐकेनाशा होतात. मग साखर रक्तातच फिरत राहते."

"म्हंजे बंड झालं की!"

"बंडच. आणि बरीच वर्षं कळतसुद्धा नाही. दुखत नाही, खुपत नाही."

"मग आता?"

"रोज अर्धा तास झपाझप चालायचं. ताटातला भात निम्मा, भाजी दुप्पट."

तात्या उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "निम्मा चालंल. पर हे इश्रामचं गावात सांगू नगा." आता तुम्हाला सांगितलं, पण तुम्ही काही गावातले नाही.

*

दुसरे आमचे अण्णा, गुऱ्हाळवाले. घरचा ऊस, घरचा गूळ, सकाळी वाटीभर काकवी. वडिलांना शुगर, थोरल्या भावाला शुगर. घरात दोघांना असली म्हणजे तिसऱ्यानं आधीच सावध व्हायला पाहिजे, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

"आवं सिस्टर, आमी साखर शिवतच न्हाई. गूळ खातो. आमच्याच रानातला, बिनकेमिकलचा."

"अण्णा, रक्ताला सातबारा कळत नाही. ऊस कुणाच्या रानातला, ते बघून साखर वाढत नसते."

तरी तपासणीला यायचे ते भलत्याच तयारीनं. आदल्या दोन दिवसांत गूळ बंद, भात बंद, रात्री नुसतं ताक. मग उपाशीपोटी बोट द्यायचं, आकडा ठीक आला की थेट एसटी स्टँडजवळ जाऊन पाव किलो जिलबी! पोरं वर्षभर उनाडतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडतात, तसा प्रकार. वर गावात सांगायचं, "मी गूळ खाऊन नॉर्मल हाय."

एकदा मी त्यांच्या दंडातलं रक्त काढून तालुक्याच्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला, आकडा चांगलाच चढलेला. मी म्हटलं, "अण्णा, ही साखरेची तीन महिन्यांची सरासरी असते. दोन दिवसांच्या ताकाला ही फसत नाही."

अण्णा रिपोर्टकडं बघत बसले. "तीन महिन्यांचं कळतंय?"

"कळतं."

"रातचं उठून खाल्लेलं बी?"

"ते पण."

"आयला, म्हंजे रक्त चुगलखोर हाय!"

आणि खरं सांगू का, त्यानंतरच त्यांची काकवी सुटली. बायकोनं सांगून सुटली नव्हती, माझ्या भाषणानं सुटली नव्हती. आपलंच रक्त आपली चुगली करतंय म्हटल्यावर माणूस खजील झाला. आता गोळी चालू आहे, रोज रानात पायी जातात.

*

आता शबाना.

आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला चहा द्यायचा म्हणजे द्यायचाच. आणि माणूस जितकं आपलं, तितकी साखर जास्त. शबानाला गावानं लेकीसारखी मानलेली, मग काय विचारता! साखर कमी खा, असं सांगायला ही घरोघर जायची आणि सांगून झालं की प्रत्येक घरी चमचा उभा राहील असा गोड चहा पिऊन यायची. नको म्हणायची सोय नाही. एकदा एका घरी उशीर झाला म्हणून चहा न घेता निघाली, तर संध्याकाळी ती बाई उपकेंद्रात हजर. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

मोरेभाऊ चेष्टेनं म्हणायचे, "शबाना, तू जनजागृती करतीस का गावची साखर संपवतीस?" आम्ही सगळे हसायचो. शबाना सगळ्यात जास्त.

मग एकदा वरून आदेश आला, आधी कर्मचाऱ्यांची तपासणी करा. माझा रिपोर्ट बरा, मोरेभाऊंचा बरा. शबानाची तीन महिन्यांची सरासरी आली सहा पॉइंट दोन; ती पाच पॉइंट सातच्या आत पाहिजे.

वय अडतीस. अंगानं फार जाड नाही, पण कंबर वाढलेली. धाकट्या पोराच्या वेळी गरोदरपणात शुगर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली, म्हणून सगळे विसरून गेलेले. मी म्हटलं, "घाबरू नकोस. बॉर्डरलाइन आहे. अजून मधुमेह झालेला नाही."

नेहमी बडबडणाऱ्या या बाईनं रिपोर्टची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाली, "माझ्या अम्मीलाबी हेच सांगितलं हुतं सिस्टर. थोडीशीच हाय. थोडीशीच हाय म्हणत ती सोळा वर्षं जगली."

तिची अम्मी कुंडलला असायची. चप्पल लागून पायाला फोड आला, तो कळलाच नाही, कारण पायाची जाणीव गेलेली. दोन बोटं काढली. मग पाऊल काढलं. मग नजर गेली. शेवटी शेवटी शबाना भेटायला गेली की अम्मी तिच्या तोंडावरून हात फिरवून विचारायची, "दुबली हुई क्या तू?" हे सांगताना शबाना रडली नाही. तिचा हात मात्र आपोआप आपल्या पायाच्या बोटांवर गेला. ते बघून मलाच रडू आलं.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "हे बघ, अम्मीला जेव्हा कळलं तेव्हा कुणी काही केलं नाही. तुला आत्ता कळलंय. आत्ता वजन थोडं उतरवलं, चाललीस, गोड कमी केलंस तर हे टळू शकतं. नाही टळलं तरी खूप लांबतं. अम्मीचं झालं ते तुझं होईलच असं नाही."

"सगळं करीन," ती म्हणाली. "पर चहाचं कसं करू?"

*

तुम्ही म्हणाल, त्यात काय, बिनसाखरेचा मागायचा! आम्हीही तेच म्हटलं. तिनं पहिल्याच घरी मागितला, तर ती वहिनी कानाला हात लावून म्हणाली, "बया! दारातल्या माणसाला फिका चहा देऊ? आमच्या घरातली साखर सरली म्हणून गाव बोंबलंल!" दुसऱ्या घरी 'व्हय व्हय' म्हणाल्या आणि एकच चमचा घातला. तिसऱ्या घरी गूळ घातला, वर शपथ घेऊन सांगितलं, "साखर न्हाई हं!"

शेवटी शबानानं ठरवलं, चहाच बंद. कुणाकडंच प्यायचा नाही. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाही घेतला की भांडण. कुणाकडंच नाही म्हटलं की कुणाला बोलायला जागा नाही.

मोरेभाऊ म्हणाले, "सोपं हाय. रोजा हाय म्हणून सांग."

"बारा महिने?"

मग गावात अफवा उठल्या. शबाना गावावर रागावली. शबानाची बदली होणार. शबानाला दिवस गेलेत! ही तिसरी तिच्या सासूच्या कानावर गेली, तेव्हा शबाना वैतागली आणि ग्रामसभेत उभी राहून सरळ बोलली. "मला शुगरची सुरुवात हाय. चहा सोडलाय. माझा कुणावर राग न्हाई."

मागून एक जण ओरडला, "तुझीच शुगर वाढली, आन तू आमाला शिकवती व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्याच चहानं वाढलीया. आता ऐका जरा."

सभा अशी हसली की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं मेथ्या, कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड यांचा ढीग लागला. साखर कमी करायचं तेवढं कुणी मनावर घेतलं नाही, औषध मात्र प्रत्येकाकडं होतं!

*

चालण्याची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या गावात पुरुष फिरायला गेला की 'फिरायला' गेला. बाई काम नसताना रस्त्यानं चालली की घरात काहीतरी बिघडलं. शबाना संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्याला लागली की मागून गाडी थांबलीच म्हणून समजा.

"कुठं निघालीस? बस, सोडतो."

"कुठं न्हाई, नुसती चालतीया."

"भांडण झालं का घरात?"

एकदा तर सुभेदारतात्या स्वतः तिला गाडीवर बसवून घरी सोडून आले आणि तिच्या नवऱ्याला चार शब्द सुनावून गेले! तो बिचारा वेल्डिंगचा चष्मा लावून नुसता ऐकत उभा.

मग शबानानं डोकं लढवलं. दुसऱ्या दिवशी हातात दुधाची रिकामी किटली घेऊन निघाली. एकानंही गाडी थांबवली नाही! बाई दूध आणायला निघालीय, कामाला निघालीय, कुणी कशाला विचारेल? रस्ता मोकळा. जाऊन यायची, किटली रिकामीच.

पंधरवड्यात शेजारच्या दोघी किटल्या घेऊन तिच्याबरोबर निघाल्या. मग आणखी. एकीला आईकडून शुगर, एकीचं वजन वाढलेलं, एकीला नुसतं सासूपासून अर्धा तास लांब जायचं होतं. मी तिला म्हटलं, तेही तब्येतीला चांगलंच. बायकांची रांगच्या रांग रिकाम्या किटल्या वाजवत डेअरीपर्यंत जायची आणि तिथून माघारी फिरायची. शेवटी एक दिवस डेअरीवाला बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "आवं, रोज येताय, येकदा तरी दूध घ्या की!"

*

ईदचं सांगते आणि मग रिपोर्टचं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शबाना डबा घेऊन आली. शीरखुर्मा. मला बघून म्हणाली, "रागवू नका सिस्टर. म्या दोन चमचे खाल्ला. सासूनं वाटी भरली, म्या म्हटलं दोनच. ती रडली."

"मग?"

"मग मीबी रडले. पर दोनच खाल्ला."

मी काय रागावणार? वर्षाच्या सणाला दोन चमचे खाऊन कुणाला मधुमेह होत नाही. रोजच्या सवयीनं होतो. सगळं कायमचं सोडा म्हटलं की माणूस महिनाभरात सगळंच परत धरतं, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय. कमी, पण रोज कमी. तेवढं जमलं तरी खूप झालं. मी माझी वाटी पुढं केली आणि दोनच चमचे घेतले. मोरेभाऊंनी राहिलेला डबा संपवला आणि वर म्हणाले, "तुमच्यासाठी त्याग केला!"

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाठवलं. रिपोर्टच्या दिवशी शबाना सकाळपासून कोपऱ्यात बसलेली, पाय अंगाखाली घेऊन. मी पाकीट फोडलं. पाच पॉइंट सहा.

मी आकडा पुन्हा एकदा वाचला. तिला वाटलं वाढली. "किती हाय? सांगा की वो!" सांगितल्यावर तिनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. तो अजून वाकडाच आहे. मोरेभाऊ पेढे आणायला निघाले होते, त्यांना मी दारातूनच माघारी बोलावलं.

पण खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. बातमी गावभर पोचली. शबाना बरी झाली! म्हणजे आता चहा घेणार! घरोघर आधणं चढली. मी किती सांगितलं की ही बरी झाली नाही, हिचा धोका कमी झालाय. सवय परत आली की साखर परत येणार, रक्तात अम्मी आहेच. ऐकतंय कोण! "आता तरी घे की गं, आमच्या आनंदासाठी घे." शबाना हसत हसत नाही म्हणायची आणि घरी जाऊन नवऱ्याजवळ रडायची. "किती दिवस जमंल वो सिस्टर?" असं तिनं मला एकदा विचारलं.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगत नाही, आज सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला अक्का राहतात. सत्तरीच्या पुढच्या, वाड्यावस्त्यांवर शब्दाला वजन. शबाना आशा झाल्यापासून त्यांच्या घरी जाते. सुनांची बाळंतपणं, नातवंडांचे डोस, सगळं तिनं केलं. पण सगळं बाहेरच्या कट्ट्यावर बसून. मी गेले की अक्का मला आत बोलवायच्या, माझ्यापुढं कप यायचा. शबाना कट्ट्यावर. तिला त्या घरानं कधी चहा विचारला नाही. का, ते कुणी बोललं नाही आणि शबानानंही कधी विचारलं नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "असू द्या सिस्टर. तेवढीच साखर कमी."

अक्कांनी आजवर बोट टोचून घेतलं नव्हतं. "मला काय धाड भरलीया?" यापुढं बोलणंच जायचं नाही. मध्यंतरी सून धावत आली, अक्कांच्या पायाला जखम आहे, पंधरा दिवस झाले भरत नाही, कुणाला हात लावू देत नाहीत. आम्ही दोघी गेलो. मला त्यांनी पाय दाखवला नाही. "सिस्टर, तुमी चहा घ्या आन जावा."

शबाना कट्ट्यावरून उठून दारात आली. आत नाही, दारातच उभी राहिली. "अक्का, माझ्या अम्मीलाबी अशीच जखम झालती," म्हणाली. पुढं दोन बोटांचं सांगितलं, पावलाचं सांगितलं. नजर गेल्याचं सांगितलं. अम्मी तोंडावरून हात फिरवायची तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, काही नाही. अक्का ऐकत राहिल्या. मग पायावरचं लुगडं त्यांनी स्वतःच वर केलं आणि टोचायला हाताचं बोट पुढं केलं. माझ्याकडं नाही, शबानाकडं.

आकडा मोठा होता. जखम धुतली, पट्टी बांधली, त्यांना तालुक्याला पाठवायची व्यवस्था केली, गोड बंद म्हणून सांगितलं.

तीन दिवसांनी, त्या तालुक्याला दाखवून आल्यावर, पट्टी बदलायला गेलो. शबाना सवयीनं कट्ट्यावर बसली. आतून अक्कांचा आवाज आला, "तिथं कुठं बसलीस? आत ये."

शबानानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. ती आत आली आणि भिंतीला टेकून बसली. अक्का लंगडत चुलीपर्यंत गेल्या, सुनेला हात लावू दिला नाही. परत आल्या तेव्हा हातात दोन कप होते. सारखेच, निळ्या फुलांचे. एक स्वतःला, एक शबानाला. मला त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही!

गावात कुणाच्याच घरी चहा न घेणारी शबाना कप धरून बसली. पिईना, ठेवीना. डोळे भरलेले.

अक्कांनी आपल्या कपातला एक घोट घेतला, तोंड कसंनुसं केलं, आणि कसाबसा गिळला.

"पी," म्हणाल्या. "दोघींचाबी बिनसाखरेचा हाय."

शबाना प्यायली. कप रिकामा होईपर्यंत अक्का तिच्याकडं बघत होत्या. मग तिच्या हातातला कप स्वतः काढून घेतला आणि दम दिल्यासारखं म्हणाल्या,

"आन ऐक. गावात दुसऱ्या कुणाच्यात पिऊ नगंस. साखर घालत्यात मेली!"